शार्शेन उस्तांचा सांधा

"उस्ता, दिवा लागला परत."

अनारकुलने गाडीचं दार लावायच्या आधीच सांगून टाकलं. सांगताना ती स्वतःच्या बुटांकडे बघत होती, इंजिन बिघडल्याचा तो दिवा जणू तिनेच लावला होता.

अंगणातल्या लाकडी बाजेवर चहा चालला होता. गाड्या दुरुस्त करणाऱ्या शार्शेन उस्तांच्या हातातला पियाला ओठांपर्यंत आला होता, तो तिथेच थांबला. समोर बसलेला जुमादिल पाववाला तळलेल्या बोर्सोकच्या ताटलीत एकाएकी काहीतरी शोधायला लागला. उस्तांची बायको बुरुल धुण्याच्या टबाशी होती. तिने नवऱ्याच्या शर्टाचा वरचा खिसा उलटा केला, त्यातून तारेचे तुकडे, एक जळका फ्यूज आणि कथलाचा मणी काढून दगडावर ठेवला. रोज हे करताना ती "माणूस आहात की भंगारवाला?" असं विचारायची. आज ती काहीच बोलली नाही. बुरुल गप्प बसली की समजावं, प्रकरण साधं नाही.

आणि ते साधं नव्हतंच. मागच्या खेपेला याच बाजेवर, याच जुमादिलच्या देखत उस्तांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "अनारकुल, आता जा बिनघोर. पुन्हा तो दिवा लागला तर शार्शेन हत्यारं खाली ठेवील."

कारा-बाल्टा गावात हा शब्द म्हणजे चेष्टा नव्हती. उस्तांनी एकदा रागाच्या भरात "मेव्हण्याच्या गाडीत पाय ठेवणार नाही" असं म्हटलं होतं, आणि पुढे मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला ते भर बर्फातून चालत गेले होते. मेव्हणा गाडी घेऊन सबंध रस्ताभर त्यांच्या शेजारून हळूहळू चालवत, काचेतून विनवण्या करत राहिला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातला माणूस.

"मग काय करायचं, उस्ता?" अनारकुलने विचारलं. "बर्फ तोंडावर आलाय. चढावर गाडी दम टाकते, मागून काळा धूर सोडते, पेट्रोल तर गाय पाणी पिते तसं पितेय. अशी गाडी घेऊन मी खिंड कशी ओलांडू?"

अनारकुल सुईण होती. खिंडीपलीकडच्या सुसामिर खोऱ्यात कुणाचे दिवस भरले की तिला बोलावणं यायचं आणि अडलेल्या बाईला गाडीत घालून, घाट चढून, बोगद्यातून इकडच्या दवाखान्यात आणायची जबाबदारीही तिचीच. तिची ती जुनी जपानी गाडी बंद पडली, तर घाटात बंद पडणार आणि मागच्या सीटवर कुणीतरी कण्हत असताना बंद पडणार.

"शब्द शब्दाच्या जागी," उस्ता उठत म्हणाले. "आधी गाडी. काम अर्धवट टाकून हत्यारं ठेवली, तर त्याला पळून जाणं म्हणतात."

उन्हाळ्यात त्या गाडीची धूर सोडायची नळी गंजून फुटली होती. वेल्डिंगवाल्याने नळी जोडली, पण ठिणग्यांनी शेजारचा ऑक्सिजन सेन्सर आणि त्याच्या तारा जाळून ठेवल्या. हा सेन्सर म्हणजे इंजिनाचं नाक. धुरात हवा किती उरली ते हुंगून तो इंजिनाला सांगतो, पेट्रोल कमी घे, आता जास्त घे. तसाच्या तसा सेन्सर बाजारात मिळेना. जो मिळाला त्याचा प्लग वेगळा. तेव्हा जुना प्लग ठेवून नव्या सेन्सरच्या तारा त्याला जोडायच्या, असं हे काम होतं, आणि तारा जोडायच्या तर कारा-बाल्टात एकच नाव होतं.

उस्तांचा सांधा बघण्यासारखा असे. तरुणपणी ते रेडिओच्या कारखान्यात होते, तिथली शिस्त हातात मुरलेली. तारेचे केस पिंजून एकमेकांत गुंफायचे, त्यावर कथलाचा डाग द्यायचा, तो असा की सांधा तांदळाच्या दाण्यासारखा गुळगुळीत आणि चकचकीत. त्यावर चिकट मलम, मलमावर रबरी नळी, नळीवर टेप. उस्ता डावरे, त्यामुळे टेपचे वेढे उलट्या अंगाने पडत. शेवटी टेपचं टोक ते इवलंसं दुमडून ठेवीत. कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "पुढे कधी कुणाला उघडावंसं वाटलं, तर त्या बिचाऱ्याला नख लावायला जागा नको?" लोक म्हणत, गाडी मोडीत जाईल पण शार्शेनचा सांधा सुटायचा नाही.

मागच्या खेपेला दिवा लागला, तेव्हा उस्तांनी सेन्सरच खराब म्हणून बदलला. थोडे दिवस बरे गेले. आणि आता पुन्हा तेच.

त्यांनी गाडीखाली सतरंजी पसरली आणि पाठीवर सरकत आत गेले. गुडघे कुरकुरले, त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. मीटरचं एक टोक इथे, एक तिथे. सेन्सरला तापवणारी वीज येत होती. अर्थिंगची तार घट्ट होती. इंजिन चालू ठेवून त्यांनी एकेक तार हलवून पाहिली, ओढून पाहिली, मीटरचा आकडा जागचा हलला नाही. तार कुठे तापल्या नळीला टेकत नव्हती, कुठे सोलली नव्हती. सांधे तर आरशासारखे. तरी हातातलं ते बिघाड वाचणारं छोटं यंत्र एकच हेका धरून बसलं होतं: सेन्सर म्हणतो, पेट्रोल कमी पडतंय. आणि मागून तर धुराचे लोट! पोट तट्ट फुगलेल्या माणसाने उपाशी आहे म्हणून ओरडावं, तसला प्रकार.

"खोटारडा," उस्ता सेन्सरला म्हणाले.

बाहेर येऊन ते चाकाला टेकून बसले. त्यांना आता खरोखर भीती वाटत होती. हत्यारं गेली तर शार्शेन म्हणजे उरतो काय? चहा पिणारा, गुडघे दुखणारा एक म्हातारा. असले म्हातारे मशिदीसमोरच्या बाकावर पुष्कळ बसलेले असत.

"जुमादिलच्या व्हॅनलाही मी हेच केलंय," ते अनारकुलला म्हणाले. "असाच सेन्सर, असाच सांधा. किती हिवाळे झाले, कधी तक्रार नाही. काय रे जुमादिल?"

जुमादिलला बोर्सोकचा ठसका लागला.

"हो... म्हणजे, व्हॅन चालतेय ना छान."

"तिच्यावर मीटर लावून बघतो. निरोगी माणसाची नाडी बघितल्याशिवाय आजाऱ्याची कळत नाही."

"आत्ता? अरे, आत पाव आहेत गरम. उद्या बघ ना. उद्या मी स्वतः आणून उभी करतो."

"पाव काय माझ्यावर ओरडणार आहेत?"

"शार्शेन, ऐक माझं. खालून चिखल किती लागलाय! तुझा शर्ट..."

"त्यांच्या शर्टाची काळजी तू कधीपासून करायला लागलास?" टबापासून बुरुल म्हणाली, आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती हात पुसत जवळ आली. "अहो, चहा घ्या आधी. निवतोय."

पण उस्ता तोवर व्हॅनखाली गेले होते.

चिखल पुसल्यावर ओळखीची टेप लागली. वेढे उलट्या अंगाने, शेवटी टोक दुमडलेलं. आपल्याच हाताची खूण बघून त्यांना जरा बरं वाटलं. मीटरची टोकं लावण्यासाठी त्यांनी सांधा चिमटीत धरला, आणि त्यांची बोटं थबकली.

आत तांदळाचा दाणा नव्हता. आत गाठ होती, खडबडीत आणि कोपऱ्याची.

त्यांनी दुमडलेल्या टोकाला नख लावलं. टेप सुटली. खाली कथील नाही, मलम नाही. पितळेच्या छोट्या नळ्या होत्या. तारेची दोन टोकं दोन बाजूंनी आत घालून पकडीने चिमटलेली, बस्स. काम नेटकं होतं, पण ते उस्तांचं नव्हतं. कुणीतरी त्यांचा सांधा कापून काढला होता, दुसरा घातला होता, आणि वरून टेप अशी गुंडाळली होती की शार्शेन उस्तांना जन्मात कळू नये.

उजव्या हाताच्या माणसाला असे वेढे घालायचे तर मनगट वाकडं करून, मुद्दाम जीव लावून घालावे लागतात. असं करणारा माणूस उस्तांना एकच माहीत होता, त्यांचा जुना शागिर्द.

ते बाहेर आले तेव्हा जुमादिल टोपी हातात घेऊन उभा होता.

"मेलिस?" उस्तांनी विचारलं.

जुमादिलने मान हलवली. "दिवा लागला होता रे. तुझ्याकडेच येत होतो मी. वाटेत त्याने अडवलं. म्हणाला, उस्तांना त्रास देऊ नका, नुसती धूळ असेल, मी झाडून देतो. आणि मग म्हणाला, तुम्हाला तुमच्या पावाची शप्पथ, त्यांना बोलू नका."

"फक्त तुझीच गाडी?"

जुमादिल टोपीकडे बघत राहिला. उस्तांनी बुरुलकडे पाहिलं.

"तुलाही ठाऊक होतं?"

"मला कपडे धुवायचं ठाऊक आहे," बुरुल म्हणाली आणि टबाकडे वळली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. खिंडीपलीकडून येणाऱ्या अनारकुलला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती बापडी दर वेळी सरळ उस्तांच्याच दारात येत राहिली. उस्तांचे कान तापले. सबंध गावाने आपल्याला लहान मुलासारखं खेळवलं, असं त्यांना वाटलं. एखादा पाना उचलून भिरकावावा असा संताप आला. पण पाना हातात घेतल्यावर तो भिरकावण्याइतका हात कधीच बिघडला नव्हता. त्यांनी तो पुसून पिशवीत ठेवला.

"चल अनारकुल," ते म्हणाले. "गाडी काढ. मेलिसकडे."

मेलिस आईबरोबर त्यांच्या अंगणात आला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. उस्तांनी त्याला तारेचे केस पिंजण्यापासून सगळं शिकवलं. आणि एक दिवस तो हमरस्त्यावर काँप्युटरवालं गॅरेज काढून मोकळा झाला, उस्तांची बाता न घेता. शागिर्दाने स्वतःचं दुकान मांडायचं तर उस्तांसमोर बसायचं, उस्तांनी तळहात उघडून आशीर्वाद द्यायचा, एखादं हत्यार हातावर ठेवायचं, मग पहिलं गिऱ्हाईक घ्यायचं. मेलिसला बँकेच्या हप्त्यांची घाई होती की तारुण्याची, कोण जाणे; त्याचं थांबायचं राहून गेलं. तेव्हापासून दोघं रस्त्यात भेटले की "सलाम" आणि "सलाम", त्यापुढे शब्द नाही.

उस्तांना दारात बघून मेलिसच्या हातातला पाइप खाली पडला. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस, पण क्षणभर तो पुन्हा मिसरूड न फुटलेला पोरगा झाला. त्याने हात धुतले, स्टूल पुसलं, चहा ओतला. पियाला अर्धाच भरला. अर्धा भरायचा म्हणजे बसा, पुन्हा भरू. काठोकाठ भरला की पाहुण्याने उठायचं असतं. हे त्याला बुरुलनेच शिकवलं होतं.

उस्तांनी व्हॅनवरून सोडलेली टेप त्याच्यासमोर ठेवली.

"वेढे झकास घातलेस," ते म्हणाले. "आता सांग, माझ्या सांध्यात काय वाईट होतं?"

मेलिस खाली बघत म्हणाला, "काही वाईट नव्हतं."

"मेलिस."

"खरंच नव्हतं, उस्ता. तेच तर! या सेन्सरला दोन हवा लागतात. एक धुरातली, एक बाहेरची. दोन्हींतला फरक बघून तो बोलतो. बाहेरची हवा आत जाते ती तारांमधून, केसांच्या मधल्या फटींतून. तुम्ही डाग दिला की कथील फटीत शिरतं, वरून तुमचं मलम. काही दिवसांनी आतली हवा संपते, त्याचा जीव कोंडतो, आणि मग तो वाट्टेल ते बडबडायला लागतो. दुसऱ्या कुणी लेचापेचा डाग दिला असता, तर कुठून तरी हवा गेलीच असती. तुमच्या सांध्यातून मुंगीचा श्वाससुद्धा जायचा नाही."

उस्तांनी पियाला खाली ठेवला. मग त्यांना हसू आलं, कडवट पण खरं.

"म्हणजे काम वाईट केलं असतं, तर चाललं असतं."

"मीसुद्धा तुमच्यासारखेच डाग देऊन सुरुवातीला गिऱ्हाइकांचे सेन्सर मारलेत, उस्ता. मग कळलं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार?" मेलिसने मान वर केली. "बाता न घेता गेलेला माणूस मी. वर तुमची चूक दाखवायला तुमच्या अंगणात आलो असतो, तर गाव काय म्हणालं असतं? काँप्युटर आला म्हणून उस्तांच्या तोंडावर थुंकायला आला. म्हटलं, आपण गुपचूप करू. तुमचं नाव राहील, गाड्याही चालतील."

"किती उघडलेस?"

"नाही मोजले."

दारात अनारकुल अवघडून उभी होती. उस्ता तिच्याकडे वळले आणि गॅरेजमधली गिऱ्हाइकं, कामगार, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरी, गाडी चांगली आहे, सेन्सरही चांगला होता. चूक माझ्या हाताची होती. दोनदा तुला घाटात पाठवलं, त्याची माफी दे."

"उस्ता, असं काय बोलता!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बोललो ते बोललो. मेलिस, ती पक्कड आण. मी करतो, तू बघ. चुकलो तर तोंडावर सांग, नाहीतर कानफटात खाशील."

नवा सेन्सर मेलिसच्या कपाटात होता. दोघं शेजारी शेजारी पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. आपला चकचकीत सांधा उस्तांनी स्वतःच कापला. कापताना क्षणभर त्याला अंगठ्याने पुसलं, एवढंच. पहिली नळी त्यांनी इतकी जोरात चिमटली की तार तुटली. "जास्त झालं," मेलिस हळूच म्हणाला. "जास्त झालं, उस्ता, असं मोठ्याने म्हण," उस्ता म्हणाले. दुसऱ्या खेपेला जमलं. मग टेप. उलट्या अंगाने वेढे, शेवटी टोक दुमडलं.

त्यानंतरचे दिवस उस्तांनी कसे काढले ते बुरुललाच माहीत. हत्यारांची पेटी घासूनपुसून दाराशी ठेवलेली, आणि हे बाजेवर फोन मांडीवर घेऊन. गिऱ्हाईक आलं की "मेलिसकडे जा" म्हणायचे. पहाड पांढरे झाले. कोंडलेला सेन्सरही थोडे दिवस नीट वागतो, हे त्यांना आता कळून चुकलं होतं, म्हणून ते थांबून होते. पंधरवडा उलटला, त्याच्यावरही दिवस गेले.

एका दुपारी फोन वाजला. मागे वारा घोंघावत होता.

"उस्ता! मुलगी झाली!" अनारकुल ओरडत होती. "आयपेरीला... तुम्ही ओळखत नाही. बाळ आडवं होतं. बर्फातून आणली तिला, बोगद्यापर्यंत एका दमात चढली गाडी. दवाखान्यात वेळेवर पोचलो. दोघी सुखरूप आहेत!"

"आणि दिवा?"

पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.

"अगं बाई," अनारकुल म्हणाली, "दिव्याकडे बघायचं राहूनच गेलं की!"

उस्तांनी फोन ठेवला आणि डोळे पुसले. आयुष्यात त्यांच्या कामाची पुष्कळ तारीफ झाली होती, पण अशी कुणी केली नव्हती.

मग ते उठले, धुतलेला शर्ट घातला, पेटी उचलली आणि चालत मेलिसच्या गॅरेजवर गेले.

"दिवा नाही लागला ना?" मेलिस आनंदाने म्हणाला. "मग हे कशाला? शब्द तर मिटला, उस्ता!"

"शब्द दिल्यावर दिवा लागला होता. नंतर विझला, म्हणून काय झालं?"

"पण चूक तर दुरुस्त झाली. आणि लोक काय, ते विसरले..."

"माझा शब्दही गुपचूप दुरुस्त करणार आहेस का, मेलिस?"

उस्तांनी पेटी दोघांच्या मध्ये ठेवली. सोल्डरिंग आयर्न, मीटर, झिजलेल्या मुठीची पक्कड. शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला आणि तोही वर ठेवला. मग त्यांनी दोन्ही तळहात उघडून समोर धरले. तेल आणि काजळी रेषारेषांत शिरून बसलेले ते तळहात कुठल्याच साबणाला कधी दाद देत नव्हते. मेलिसनेही हात उघडले.

"तुझ्या हाताला यश येवो," उस्ता म्हणाले. "तुझं काम कुणाच्या लक्षातही न राहो, इतकं ते चालत राहो. तुझा शागिर्द तुझ्यापेक्षा शहाणा निघो, आणि तुला तोंडावर सांगण्याइतकं धाडस त्याला होवो. ओमिन."

"ओमिन," मेलिस म्हणाला, आणि दोघांनी तोंडावरून हात फिरवले. मेलिसने ते बराच वेळ खाली घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. उस्ता बाजेवर बसून चहा पीत होते. बुरुलने टबात पाणी घेतलं, त्यांचा शर्ट उचलला, वरचा खिसा उलटा केला. आत काहीच नव्हतं. तिने खिसा सरळ केला आणि बोटं घालून, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत, पुन्हा एकदा चाचपून पाहिला.

मग तिने शर्ट पाण्यात सोडला, नेहमीपेक्षा जरा हळू.